नाव सापडत नाही? आधी बघा, उत्तर कोण देतंय

‘सर्व्हर सापडला नाही’ असा संदेश पडद्यावर आला की बहुतेक जण तीन गोष्टी एका दमात करतात. राउटर बंद-चालू करतात, डीएनएस (साइटच्या किंवा यंत्राच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणारी व्यवस्था) सर्व्हरचा पत्ता बदलतात आणि कॅशे (आधी मिळालेल्या उत्तरांचा साठा) पुसतात. कधी कधी त्याने काम होतं. मात्र नेमकं काय बिघडलं होतं ते कळत नाही आणि आठवड्याने तेच दुखणं परत येतं. काम झालं नाही तर त्याहून वाईट, कारण आता मूळ बिघाडावर आपण केलेल्या तीन बदलांचा थर चढलेला असतो.

नावावरून पत्ता काढताना संगणक ठरलेल्या क्रमाने विचारत जातो. आधी प्रोग्रामची स्वतःची कॅशे, मग ऑपरेटिंग सिस्टिम, मग होस्ट्स फाइल (यंत्रावरचीच नावं-पत्त्यांची यादी), मग डीएनएस रिझॉल्व्हर (आपल्या वतीने पत्ता शोधून आणणारा सर्व्हर) आणि शेवटी त्या नावाचा अधिकृत नेमसर्व्हर (त्या नावाच्या मूळ नोंदी ठेवणारा). यातल्या एकाने ठाम उत्तर दिलं की पुढच्याला विचारलं जात नाही. तपास त्याच क्रमाने केला तर बिघाड कुठे आहे ते अर्ध्या तासात सापडतं. क्रम सोडला तर दिवस जातो.

खालच्या उदाहरणांत ‘फाइल्स.ऑफिस.एक्झाम्पल’ हे नाव आणि १९२.०.२.१० हा पत्ता वापरला आहे. दोन्ही उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या जागांतले आहेत. कमांड वाचायला देवनागरीत दिल्या आहेत, टाइप मात्र रोमन अक्षरांत करायच्या.

## तयारी: काहीही बदलण्याआधी

कागदावर किंवा फाइलीत पाच गोष्टी लिहा.

1. टाइप केलेलं नाव, अक्षर अन् अक्षर जसंच्या तसं. ‘फाइल्स’ एवढंच लिहिलं होतं की ‘फाइल्स.ऑफिस.एक्झाम्पल’? हा फरक चौथ्या टप्प्यावर निर्णायक ठरतो.
2. चुकीच्या संदेशाचे नेमके शब्द. ‘नाव सापडलं नाही’, ‘वेळ संपली’ आणि ‘जोडणी नाकारली’ ही तीन वेगळी दुखणी आहेत.
3. एकाच यंत्रावर होतंय की सगळ्यांवर, आणि एकाच प्रोग्राममध्ये की सगळीकडे.
4. त्या नावाचा अपेक्षित पत्ता. हे माहीत नसेल तर मिळालेलं उत्तर बरोबर की चूक हे ठरवणार कसं?
5. व्हीपीएन किंवा प्रॉक्सी (तुमच्या वतीने बाहेर विनंत्या करणारा मधला सर्व्हर) चालू आहे का. ब्राउझरला प्रॉक्सी लावलेला असेल तर पुष्कळदा नावाचा पत्ता प्रॉक्सीच काढतो. मग तुमच्या यंत्रावरच्या सगळ्या तपासण्या भलत्याच जागी होतात.

सावध: कॅशे अजून पुसू नका. कॅशेमध्ये काय साठलंय तोच तुमचा पुरावा आहे. पुसणं शेवटच्या टप्प्यात येतं आणि तेही ठरलेल्या क्रमाने.

## टप्पा १: बिघाड नावाचा की वाटेचा?

नाव देऊन पिंग करा: ‘पिंग फाइल्स.ऑफिस.एक्झाम्पल’. बघायची असते ती पहिली ओळ. तिथे नावासोबत पत्ता छापला गेला असेल तर नावाचं काम झालं. पुढे प्रत्युत्तर येवो न येवो, त्याचा नाव सोडवण्याशी संबंध नाही. पुष्कळ सर्व्हर पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत.

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. पत्ता बरोबर छापलेला असतो, खाली ‘वेळ संपली’च्या चार ओळी असतात आणि माणूस डीएनएस दुरुस्त करायला बसतो.

तपासणी: छापलेला पत्ता अपेक्षित पत्त्याशी जुळतो का? जुळत असेल तर इथेच थांबा आणि फायरवॉल, रूटिंग किंवा ती सेवाच बंद आहे का ते बघा. पत्ता चुकीचा असेल किंवा आलाच नसेल तर पुढे चला.

## टप्पा २: तुम्ही विचारताय कुणाला?

हा टप्पा नीट समजला तर बाकीचे सोपे जातात. एकाच यंत्रावरची वेगवेगळी साधनं वेगवेगळ्या दारी जाऊन विचारतात.

‘डिग’ आणि ‘एनएसलुकअप’ या कमांड थेट डीएनएस सर्व्हरला विचारतात. होस्ट्स फाइल त्यांच्या गावीही नसते. म्हणून ‘डिगमध्ये तर बरोबर येतंय, मग प्रोग्राम चुकीकडे का जातो?’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा एवढंच असतं की प्रोग्राम डिगच्या वाटेने गेलेलाच नाही.

प्रोग्राम जातो ती वाट तपासायची तर लिनक्सवर ‘गेटेंट एहोस्ट्स’ आणि पुढे नाव द्या. ‘गेटेंट होस्ट्स’ही चालतं, पण एहोस्ट्स ज्या फंक्शनमधून विचारतं तेच बहुतेक प्रोग्राम वापरतात. शिवाय ते आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही पत्ते दाखवतं. मॅकवर ‘डीएसकॅशेयूटिल -क्यू होस्ट -ए नेम’ आणि नाव. विंडोजवर पॉवरशेलमधलं ‘रिझॉल्व्ह-डीएनएसनेम’, किंवा साधं पिंगही पुरतं.

ब्राउझरचं दार आणखी वेगळं. त्याची स्वतःची छोटी कॅशे असते. त्यात ‘सुरक्षित डीएनएस’ चालू असेल तर तो नावं एचटीटीपीएसवरून, पोर्ट ४४३ने, स्वतःच निवडलेल्या रिझॉल्व्हरला विचारतो. तुमच्या नेटवर्कच्या डीएनएस सर्व्हरला याचा पत्ताही लागत नाही. ऑफिसातली आतली नावं बाकी सगळीकडे उघडतात आणि एका ब्राउझरमध्ये उघडत नाहीत, तेव्हा आधी ही सेटिंग बघा.

तपासणी: सिस्टिमचं उत्तर आणि डिगचं उत्तर शेजारी-शेजारी लिहा.
- सिस्टिम चूक, डिग बरोबर: टप्पा ३ आणि ४.
- दोन्ही चूक: टप्पा ५पासून पुढे.
- दोन्ही बरोबर, प्रोग्राम चूक: प्रोग्रामची कॅशे किंवा सेटिंग, म्हणजे टप्पा ८.

## टप्पा ३: होस्ट्स फाइल आणि विचारण्याचा क्रम

लिनक्स आणि मॅकवर ही फाइल ‘/ईटीसी/होस्ट्स’ इथे असते. विंडोजवर ती विंडोज फोल्डरातल्या ‘सिस्टम३२’मध्ये, ‘ड्रायव्हर्स’च्या आतल्या ‘ईटीसी’ फोल्डरात असते. रचना साधी आहे: आधी पत्ता, मग मोकळी जागा, मग एक किंवा अनेक नावं. या फाइलीत नाव सापडलं की नेहमीच्या मांडणीत डीएनएसला विचारलंच जात नाही.

एकदा सर्व्हर नव्या यंत्रावर हलवताना मी चाचणीसाठी या फाइलीत एक ओळ टाकली. काम झालं आणि ओळ तशीच राहिली. काही महिन्यांनी सर्व्हर पुन्हा हलला. सगळ्यांना नवा सर्व्हर दिसत होता, फक्त माझ्या यंत्रावर जुना. एक अख्खी दुपार मी नेमसर्व्हरच्या नोंदी तपासत बसलो. तेव्हापासून तात्पुरत्या ओळीशेजारी ‘#’ चिन्हानंतर तारीख आणि कारण लिहिल्याशिवाय मी फाइल बंद करत नाही. तुम्हीही ही सवय लावून घ्या.

इथे नेहमी होणाऱ्या चुका:

- विंडोजच्या नोटपॅडमधून जतन करताना फाइलीला ‘.टीएक्सटी’ हे शेपूट चिकटतं. फाइलीचं नाव नुसतं ‘होस्ट्स’ हवं, पुढे काही नको. संपादकही प्रशासकाच्या हक्काने उघडावा लागतो.
- ‘*.ऑफिस.एक्झाम्पल’ असं लिहून सगळी उपनावं पकडायचा प्रयत्न. होस्ट्स फाइलीला तारांकन कळत नाही. प्रत्येक नाव वेगळं लिहावं लागतं.
- पत्त्यासोबत पोर्ट लिहिणं. या फाइलीत पोर्टला जागाच नाही.

लिनक्सवर क्रम ठरतो तो ‘/ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फ’मधल्या ‘होस्ट्स:’ या ओळीत. ‘फाइल्स डीएनएस’ असं असेल तर आधी होस्ट्स फाइल, मग डीएनएस. अनेक डेस्कटॉप लिनक्सवर या दोघांच्या मधे एमडीएनएस बसलेलं असतं. ते ‘.लोकल’ने संपणारी नावं नेमसर्व्हरला न विचारता शेजारच्या यंत्रांना विचारतं. त्यासाठी २२४.०.०.२५१ हा मल्टिकास्ट पत्ता आणि पोर्ट ५३५३ वापरतात.

सावध: ऑफिसच्या आतल्या डोमेनला ‘.लोकल’ हे शेपूट देऊ नका. विंडोजवर चालणारं नाव मॅक आणि लिनक्सवर अडखळतं, आणि दोष डीएनएसवर येतो. आधीच दिलेलं असेल तर नवं डोमेन उभं करून हळूहळू तिकडे सरका. प्रत्येक यंत्राचा क्रम हाताने बदलत बसणं टिकत नाही.

## टप्पा ४: नाव पुरं आहे का?

नुसतं ‘फाइल्स’ टाइप केलं तर सिस्टिम त्याला शोध-यादीतली शेपटं जोडून बघते: ‘फाइल्स.ऑफिस.एक्झाम्पल’, मग यादीतलं पुढचं. ही यादी बहुधा नेटवर्कशी जोडलं जाताना डीएचसीपीकडून (यंत्राला पत्ता आणि सेटिंग आपोआप देणारी सेवा) येते. म्हणून लॅपटॉप दुसऱ्या नेटवर्कवर नेला की आखूड नावं चालेनाशी होतात, पुरी नावं मात्र चालतात.

नावाच्या शेवटी टिंब दिलं, म्हणजे ‘फाइल्स.ऑफिस.एक्झाम्पल.’ असं लिहिलं, तर ‘हे नाव पुरं आहे, काही जोडू नकोस’ असा त्याचा अर्थ होतो. तपास करताना हे टिंब फार कामाचं आहे.

तपासणी: टिंब देऊन उत्तर बरोबर येतं आणि टिंबाशिवाय चूक येतं? मग दोष शोध-यादीत आहे. नेमसर्व्हरला हात लावू नका.

एक बारकावा लक्षात ठेवा. एनएसलुकअप शोध-यादी वापरतं, डिग ती आपणहून वापरत नाही. त्यामुळे आखूड नावावर दोघांची उत्तरं वेगळी आली तर गोंधळू नका, दोघांनी वेगळी नावं विचारली आहेत.

## टप्पा ५: रिझॉल्व्हर कोणता आणि तो कुणी ठरवला?

लिनक्सवर ‘/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’ उघडा. तिथे १२७.०.०.५३ दिसलं तर तो खरा सर्व्हर नाही. तो तुमच्याच यंत्रावर बसलेला सिस्टमडी-रिझॉल्व्हडीचा मध्यस्थ आहे. खरे सर्व्हर ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ने दिसतात, प्रत्येक जोडणीचे वेगळे. मॅकवर ‘एससीयूटिल --डीएनएस’ आणि विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग /ऑल’.

रिझॉल्व्ह.कॉन्फ हाताने बदलली आणि पुन्हा जोडणी होताच बदल उडाला, ही नेहमीची तक्रार. फाइलीच्या डोक्यावर ती कुठला प्रोग्राम तयार करतो हे बहुधा लिहिलेलं असतं. बदल त्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये करा.

आता या टप्प्यातला सर्वांत महागडा गैरसमज. अनेक जण पहिला डीएनएस सर्व्हर ऑफिसचा आणि दुसरा एखादा सार्वजनिक असा लावतात. समजूत अशी की पहिल्याकडे नाव नसेल तर दुसऱ्याला विचारलं जाईल. तसं होत नाही. ‘असं नाव अस्तित्वात नाही’ हेही पुरं उत्तर आहे आणि ते मिळालं की शोध संपतो. दुसरा सर्व्हर असतो तो पहिला गप्प असेल किंवा त्याने बिघाड कळवला असेल तेव्हासाठी.

या मांडणीचा परिणाम असा: ऑफिसचा सर्व्हर क्षणभर अडखळला की यंत्र सार्वजनिक सर्व्हरकडे जातं. तो आतल्या नावांना ‘अस्तित्वात नाही’ म्हणतो आणि ते नकारात्मक उत्तर कॅशेमध्ये बसतं. ‘कधी चालतं, कधी चालत नाही’ अशा तक्रारींमागे मला वारंवार हेच सापडलं आहे. अल्पाइन लिनक्सवर तर यादीतल्या सगळ्या सर्व्हरांना एकाच वेळी विचारलं जातं आणि जो आधी बोलेल त्याचं ऐकलं जातं. तिथे अशी मिसळ म्हणजे निव्वळ नशिबाचा खेळ.

नियम: यादीतल्या प्रत्येक सर्व्हरने प्रत्येक नावाला सारखंच उत्तर दिलं पाहिजे. आतली नावं लागत असतील तर दोन्ही सर्व्हर आतलेच ठेवा आणि बाहेरची नावं पुढे विचारण्याचं काम त्यांच्यावर सोपवा.

तपासणी: प्रत्येक सर्व्हरला वेगळं विचारा: ‘डिग @१९२.०.२.५३ फाइल्स.ऑफिस.एक्झाम्पल’, मग दुसऱ्याला. प्रत्येक नाव उघडताना सुमारे ५ सेकंद अडतंय आणि मग चालतंय, तर यादीतला पहिला सर्व्हर मेलेला असण्याची दाट शक्यता आहे. लिनक्सच्या नेहमीच्या रिझॉल्व्हरमध्ये एका सर्व्हरची वाट बघण्याची मूळ मुदत तेवढीच असते. ही यादी तो फक्त ३ सर्व्हरांपर्यंत वाचतो, चौथा लिहून उपयोग नाही.

## टप्पा ६: आलेलं उत्तर वाचा

डिगच्या उत्तरात ‘स्टेटस’ असा शब्द असतो. लोक तो सोडून थेट पत्ता शोधतात. इथे थांबा.

एनएक्सडोमेन. या नावाची कुठलीच नोंद नाही. स्पेलिंग तपासा, मग डोमेनची मुदत संपली का ते बघा. मग झोन फाइलीतलं (डोमेनच्या नोंदी जिच्यात लिहितात ती फाइल) टिंब. तिथे पुऱ्या नावाच्या शेवटी टिंब विसरलं तर डोमेन पुन्हा जोडलं जातं आणि नोंद ‘फाइल्स.ऑफिस.एक्झाम्पल.ऑफिस.एक्झाम्पल’ अशी तयार होते. नोंद आहे, पण कुणी विचारणार नाही अशा नावाची.

नोएरर, पण उत्तरात शून्य नोंदी. नाव आहे, मात्र तुम्ही विचारलेल्या प्रकारची नोंद नाही. आयपीव्ही४चा पत्ता ‘ए’ नोंदीत असतो, आयपीव्ही६चा ‘चार-ए’ नोंदीत. एकच असेल तर दुसऱ्याला रिकामं उत्तर मिळतं आणि ते बरोबरच आहे. ‘उत्तर रिकामं’ आणि ‘नाव नाही’ यांची गल्लत करू नका, दोघांची दुरुस्ती वेगळी आहे.

सर्व्हफेल. रिझॉल्व्हरने प्रयत्न केला आणि तो अडला. एकतर अधिकृत नेमसर्व्हर उत्तर देत नाहीत किंवा डीएनएससेकची (उत्तर खरं आहे का ते सहीवरून तपासण्याची पद्धत) सही पटत नाही. हे वेगळं काढायला ‘+सीडी’ (म्हणजे ‘सही तपासू नकोस’) जोडून पुन्हा विचारा. आता उत्तर आलं तर दोष सहीत आहे: सहीची मुदत संपलेली, किंवा किल्ली बदलली आणि वरच्या झोनमधली (म्हणजे वरच्या डोमेनच्या नोंदींमधली) त्या किल्लीची ओळख सांगणारी डीएस नोंद जुनीच राहिली, किंवा खुद्द रिझॉल्व्हरचं घड्याळ चुकलेलं.

रिफ्यूज्ड. सर्व्हर जिवंत आहे, पण तुमचं काम करायला तयार नाही. बहुधा अधिकृत नेमसर्व्हरलाच रिझॉल्व्हर समजून विचारलेलं असतं, किंवा तुमचा पत्ता त्याच्या परवानगीच्या यादीत नसतो.

काहीच नाही, वेळ संपली. वाट बंद आहे. डीएनएस पोर्ट ५३ वापरतं, बहुधा यूडीपीवर. उत्तर मोठं असेल तर टीसीपीवर (या माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती). फायरवॉलमध्ये नुसतं यूडीपी उघडून टीसीपी बंद ठेवलं तर छोटी उत्तरं येतात आणि मोठी अडकतात. ‘डिग +टीसीपी’ने लगेच कळतं.

## टप्पा ७: मुळापर्यंत जा

‘डिग +ट्रेस’ तुमच्या रिझॉल्व्हरची कॅशे बाजूला ठेवतो आणि मुळापासून खाली उतरतो: रूट सर्व्हर, मग डॉट कॉमसारख्या वरच्या डोमेनचे सर्व्हर, मग तुमच्या डोमेनचे नेमसर्व्हर. पायरी कुठे तुटते ते डोळ्यांनी दिसतं. फक्त ऑफिसच्या आत असणाऱ्या नावांसाठी मात्र हे वापरू नका, ती रूटपासून सापडणारच नाहीत.

वरच्या झोनमध्ये नोंदवलेले नेमसर्व्हर आणि तुम्ही प्रत्यक्ष चालवता ते जुळतात का? सेवा बदलताना नोंदी नव्या जागी भरल्या, पण नेमसर्व्हर जुनेच नोंदवलेले राहिले, तर नव्या नोंदी कुणीच वाचत नाही. तुम्ही बदल करत राहता आणि जगाला जुनंच दिसतं.

तपासणी: प्रत्येक अधिकृत नेमसर्व्हरला एसओए नोंद (झोनचा अनुक्रमांक आणि मुदती जिच्यात असतात ती) विचारा आणि अनुक्रमांक ताडून बघा. एकाचा अनुक्रमांक मागे असेल तर तिथे बदल पोचलेला नाही. झोन फाइल हाताने बदलताना अनुक्रमांक वाढवायचा राहिला की दुय्यम सर्व्हरला (मुख्य नेमसर्व्हरच्या नोंदींची प्रत ठेवणारा) बदल झाल्याचं कळतच नाही.

## टप्पा ८: कॅशे, आणि पुसण्याचा क्रम

आता पुसा. मात्र अधिकृत नेमसर्व्हरवर उत्तर बरोबर आहे याची खात्री झाल्यावरच, आणि मुळाकडून आपल्याकडे या दिशेने: आधी रिझॉल्व्हर, मग यंत्र, मग ब्राउझर. उलट क्रमाने केलं तर ब्राउझर रिकामा होतो आणि रिझॉल्व्हरकडून तेच जुनं उत्तर पुन्हा भरून घेतो.

- विंडोज: ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’. त्याआधी ‘/डिस्प्लेडीएनएस’ने काय साठलंय ते पाहून ठेवा.
- सिस्टमडी असलेलं लिनक्स: ‘रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस’.
- मॅक: ‘डीएसकॅशेयूटिल -फ्लशकॅशे’, मग ‘सुडो किलऑल -एचयूपी एमडीएनएसरिस्पॉन्डर’.

दुसऱ्याच्या ताब्यातला रिझॉल्व्हर तुम्हाला पुसता येणार नाही. तिथे टीटीएल (उत्तर कॅशेमध्ये किती सेकंद ठेवायचं ती मुदत) संपण्याची वाट बघा. किती उरलाय ते दिसतं: एकच नाव काही सेकंदांच्या अंतराने डिगने विचारा. टीटीएलचा आकडा उतरत असेल तर उत्तर कॅशेतलं आहे. अधिकृत नेमसर्व्हरकडून दर वेळी पुरा आकडा येतो.

‘बदल जगभर पसरायला ४८ तास लागतात’ हे वाक्य सरसकट मानू नका. नोंदी कुठे ढकलल्या जात नाहीत, जुन्या प्रती आपापल्या मुदतीने संपतात. टीटीएल ३०० असेल तर नियम पाळणाऱ्या कॅशेतून जुना पत्ता ५ मिनिटांत जातो. ८६,४०० असेल तर २४ तास लागू शकतात. नेमसर्व्हरच बदलले तर मुदत वरच्या झोनच्या हातात असते. डॉट कॉममध्ये ती १,७२,८०० सेकंद आहे, म्हणजेच ते ४८ तास.

पत्ता बदलायचा ठरलेला असेल तर क्रम असा ठेवा:

1. टीटीएल ३०० करा. पत्ता अजून बदलू नका.
2. जुन्या टीटीएलइतका वेळ पूर्ण जाऊ द्या. लोक हीच पायरी गाळतात. ज्यांच्या कॅशेमध्ये कालची प्रत आहे त्यांना तुमचा नवा टीटीएल दिसलेलाच नसतो.
3. पत्ता बदला आणि जुना सर्व्हर चालूच ठेवा.
4. जुन्या सर्व्हरच्या लॉगमध्ये विनंत्या थांबल्या की तो बंद करा आणि टीटीएल पुन्हा वाढवा.

सावध: नवं नाव नोंदवण्याआधी ते उघडून बघू नका. ‘नाही’ हे उत्तरही साठतं. किती काळ, ते एसओए नोंदीचा टीटीएल आणि तिच्यातला शेवटचा आकडा यांपैकी लहान असेल त्यावर ठरतं. आधी नोंद, मग अधिकृत नेमसर्व्हरला थेट विचारणं, आणि त्यानंतरच ब्राउझर.

सगळं पुसूनही एखादा प्रोग्राम जुन्याच पत्त्याला धरून बसला असेल तर तो पुन्हा सुरू करा. काही प्रोग्राम सुरू होतानाच पत्ता विचारतात आणि पुढे विचारतच नाहीत. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर नेहमीच्या मांडणीत मागच्या सर्व्हरचं नाव असंच एकदा सोडवून ठेवतो. तिथे टीटीएल कितीही लहान ठेवला तरी फरक पडत नाही.

शेवटी ज्या यंत्रावर आणि ज्या प्रोग्राममध्ये तक्रार आली होती, तिथेच ते नाव पुन्हा उघडून बघा. मग होस्ट्स फाइल उघडा आणि तपासात टाकलेली ओळ काढून टाका.